सण, ढोल, वाइन, वेब सिरीज: बायबल जिथे थेट 'नाही' म्हणत नाही तिथे कसं ठरवायचं

पावसाळा सुरू झाला की नाशिकमध्ये संध्याकाळी ढोलांचा सराव ऐकू यायला लागतो आणि चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत प्रश्न येतो: ढोल पथकात जायचं का? फेब्रुवारीत द्राक्षं तयार झाली की वायनरीतल्या नोकरीचा प्रश्न. रंगपंचमीला रहाडीचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात उडी मारायचा. आणि मोबाइलवरच्या सिरीजचा तर वर्षभर. बहुतेक घरांत दोन उत्तरं तयार असतात. "जगाशी आपला काय संबंध" हे एक, आणि "त्यात काय एवढं, सगळेच जातात" हे दुसरं. दोन्हींमुळे विचार करायचं काम टळतं. ते काम कसं करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. एकट्याने करता येतं, पण घरच्यांबरोबर किंवा संघातल्या आठ-दहा जणांनी मिळून केलं तर जास्त चांगलं.

आधी प्रश्न कुठल्या प्रकारचा आहे ते बघा

मूर्तिपूजा, व्यभिचार, चोरी, चहाडी, दारूची धुंदी यांबद्दल शास्त्र स्पष्ट बोलतं. तिथे बैठक घ्यायची गरज नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायातली भांडणं मात्र वेगळी आहेत. एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला. एक जण अमुक दिवस विशेष मानतो, दुसऱ्याला सगळे दिवस सारखे. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सगळ्यांवर एकच नियम लादत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी धरू नये, असं तो सांगतो.

तुमचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे का, हे ओळखायला एक चाचणी बरी पडते. आपल्याइतक्याच मनापासून शास्त्र वाचणारी, प्रभूवर तितकीच निष्ठा असणारी दुसरी मंडळी या बाबतीत वेगळं वागते का? वागत असेल, तर "बायबलमध्ये लिहिलंय" एवढं म्हणून विषय संपत नाही. कुठे लिहिलंय, कोणाला लिहिलंय आणि कशाबद्दल लिहिलंय ते उघडून बघावं लागतं.

गडबड इथे दोन्ही बाजूंनी होते. वडीलधारे आपल्या आवडीनिवडीला आज्ञेचा दर्जा देतात: कानात बाळी घालणारा मुलगा आणि खोटी साक्ष देणारा माणूस एकाच रांगेत उभे केले जातात. तरुण उलटं करतात. रोज रात्री पिऊन येणाऱ्या मित्राबद्दल "तो त्याचा वैयक्तिक प्रश्न" म्हणतात. तो प्रश्न विवेकाचा नाही, त्या मित्राला मदत हवी आहे.

गोष्टीचे भाग सुटे करा

"ढोल पथक चालतं का?" या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण पथक ही एक गोष्ट नसून सात-आठ गोष्टींचा गठ्ठा आहे. कागद घ्या आणि एकाखाली एक लिहून काढा: दीड-दोन महिन्यांचा सराव. ढोलाची दोरी ताणणं, टिपरू धरायची पद्धत, ताल. गणवेश आणि फेटा. कपाळाला गंध. सुरुवातीचं वाद्यपूजन. मंडपातली आरती. घोषणा. मिरवणुकीतलं वादन. मिरवणूक संपल्यावरची पार्टी.

आता प्रत्येकासमोर तीनपैकी एक खूण करा: हे मी मोकळ्या मनाने करू शकतो, हे मी करणार नाही, हे मला कळत नाही. ताल आणि फेटा यांवर क्वचितच कोणी अडतं. वाद्यपूजन आणि आरती इथे बहुतेक ख्रिस्ती मन थांबतं, आणि थांबावं असं आमचं मत आहे, कारण ती सरळ उपासना आहे. गंध आणि घोषणा यांबद्दल मतं फुटतात. मिरवणुकीतलं वादन काहींना निव्वळ कला वाटते, काहींना ते मूर्तीसमोरची सेवा वाटते, आणि दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. "कळत नाही" अशी खूण असलेल्या गोष्टी लगेच करायच्या नाहीत. मनात शंका ठेवून केलेली गोष्ट पाप ठरते, असं त्याच १४व्या अध्यायाच्या शेवटी आहे.

यादी झाली की पथकप्रमुखाशी बोला, आणि नाव नोंदवायच्या आधी बोला. वाकडी बारवेजवळ पाचशे लोकांसमोर ऐनवेळी मागे सरकलात तर तो पथकाचा अपमान होतो आणि कारण समजावून सांगायला वेळही नसतो. वाक्य साधं ठेवा: "दादा, सराव चुकवणार नाही, वादन पूर्ण करीन. पूजनाच्या आणि आरतीच्या वेळी मी बाजूला शांत उभा राहीन. चालेल का?" अनेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले, तर तो त्यांचा हक्क आहे. आभार मानून निघायचं. बाहेर येऊन "कट्टर आहेत" असं बोलत फिरायचं नाही.

रहाडीलाही हेच लागू करा. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात, त्यांची पूजा होते आणि मग रंगाच्या पाण्यात उड्या सुरू होतात. पूजा वेगळी, उडी वेगळी, आणि आसपास कोणी भांग पिऊन आला असेल तर ती तिसरीच गोष्ट. ज्याला फक्त रंग खेळायचा आहे तो पूजा आटोपल्यावर जाऊ शकतो. ज्याच्या मनात या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुटत नाहीत त्याने घरीच थांबावं, आणि त्याला कोणी भित्रा म्हणू नये.

प्रसाद, फराळ आणि पेढे

यावर पौलाने जितकं बारीक लिहिलं आहे तितकं कशावरच नसेल. करिंथकरांस पहिल्या पत्रात, ८ ते १० अध्यायांत, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल तो तीन जागा वेगळ्या करतो. मंदिरातल्या पंगतीत सामील होऊ नका. बाजारात विकायला असलेलं मांस चौकशी न करता घ्या. कोणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण कोणी मुद्दाम "हे नैवेद्याचं आहे" असं सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी थांबा.

नाशिकच्या कॉलनीत याचं रूप असं होतं. मेनरोडवरच्या दुकानातून पेढे घेताना दुकानात सकाळी काय पूजा झाली याची चौकशी करायची नाही. शेजारच्या काकूंचा दिवाळीचा फराळ हा शेजारधर्म आहे, पोटभर खा आणि नाताळात त्यांच्याकडे डबा भरून पाठवा. आरतीनंतर हातावर ठेवला जाणारा प्रसाद मात्र सांगून दिलेला असतो. मंडळ्यांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या चर्चमध्ये, याबाबत एकमत नाही. न घेण्याची बाजू आम्हाला शास्त्राला जास्त धरून वाटते, पण आदराने स्वीकारणाऱ्याची निष्ठा आम्ही मोजत नाही.

न घेण्याची पद्धत मात्र नीट हवी. हात मागे खेचू नका, तोंड वेडंवाकडं करू नका. हात जोडून म्हणा, "काकू, प्रसाद आम्ही घेत नाही, राग मानू नका. पण तुमच्या हातच्या करंज्या खायला उद्या घरी येते." सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे समोर हसत घ्यायचा आणि जिन्यात कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. त्यात खोटेपणाही आहे आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अपमानही. कोणी पाहिलं तर दहा वर्षांचा शेजार तुटतो.

वर्गणी मागायला मुलं येतात तेव्हा दारातच वाद घालू नका. अनेक मंडळं रक्तदान शिबिर घेतात, वह्या वाटतात. त्या कामासाठी देणार असाल तर तसं आधीच कार्यकर्त्याला सांगा आणि पावतीवर ते लिहून घ्या. काहीच द्यायचं नसेल तर रक्त द्यायला जा.

द्राक्षांच्या गावात वाइन

निफाड, दिंडोरीकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर घरं चालतात. तोच माल कोणाचा टेबलावर, कोणाचा बेदाण्याला आणि कोणाचा वायनरीला जातो. त्यामुळे "वाइनशी संबंध नको" असं इथे म्हणणं सोपं, पाळणं अवघड. इथेही भाग सुटे करा: वेलीची छाटणी, क्रशिंग, बाटल्या भरणं, हिशेब, टेस्टिंग रूममध्ये ओतून देणं, स्वतः पिणं. टेस्टिंग शिकताना घोट गिळायची सक्ती नसते; चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि जाणकारही तेच करतात. न पिणाऱ्या मुलीने मुलाखतीतच हे विचारून घ्यावं. पण आधीच झिंगलेल्या पाहुण्याला आणखी ओतायला सांगितलं, तर तो प्रश्न वादाचा राहत नाही. तिथे नाही म्हणायचं.

मंडळ्यांमध्येही फरक आहे. कॅथलिक नियमानुसार मिस्सामध्ये (त्यांच्या उपासनाविधीत) द्राक्षांची खरी वाइनच लागते. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रभुभोजनाला (ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीला) न आंबवलेला द्राक्षरस वापरतात. (रस घरी काढत असाल तर लगेच उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत वापरा. सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं, त्यामुळे कच्चा रस बाहेर राहिला तर आंबायला लागतो.) म्हणजे एका मंडळीत जे वेदीवर आहे ते दुसरीत वर्ज्य आहे. एवढं लक्षात ठेवलं तरी आवाज खाली येतो.

आता अडखळण, म्हणजे आपल्या वागण्यामुळे दुसऱ्याने चुकीत पडणं. हा शब्द आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो. पौल ज्याला अशक्त म्हणतो तो तुमच्यावर नाराज झालेला माणूस नव्हे. तुमचं पाहून, स्वतःच्या मनाला चूक वाटत असतानाही जो तेच करायला लागेल, तो. दारू सोडून वर्षही न झालेला भाऊ तुमच्या हातातला ग्लास बघून पुन्हा सुरू करेल, ही अडखळण. बायकोमुलांची त्याने काय दशा केली होती हे आपल्या वस्त्यांमध्ये सांगावं लागत नाही. उलट, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या ज्येष्ठांना तुमचा टॅटू आवडला नाही, तर ती तक्रार आहे. ती आदराने ऐका, पण "अशक्त भाऊ" या नावाखाली तिला सगळ्या मंडळीचा नियम होऊ देऊ नका. नाहीतर जो सर्वांत मोठ्याने बोलतो तोच मंडळी चालवतो.

ओळखायचं कसं? त्या माणसाचं नाव सांगता येतं का ते बघा. "कोणीतरी अडखळेल" एवढंच म्हणता येत असेल, तर अजून विचार करा. नाव सांगता येत असेल, तर सोडून द्या, आणि कुरकुर न करता सोडा. ज्याचं मन त्या गोष्टीबद्दल मोकळं आहे, किंमत त्याने मोजायची असते. कुठे सोडायचं हेही ठरवून ठेवा: त्याच्यासोबतच्या जेवणात, मंडळीच्या कार्यक्रमात, आणि तो बघतो त्या स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर. वायनरीच्या सहलीचा फोटो टाकायलाच हवा असं काही नाही. तुझी खात्री तू देवासमोर आपल्यापाशी ठेव, असा सल्ला पौलानेच दिला आहे.

लावणीला नाही, गिटारला हो

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या संघांमध्ये लावणी, ढोल, जलसा यांना "जगिक" म्हणतात, आणि इंग्रजी रॉकच्या चालीवरचं गाणं मात्र स्टेजवर धुराच्या मशीनसकट चालतं. हा विवेकाचा निर्णय नाही. यात जातीची आणि वर्गाची लाज लपलेली असते, आणि ती ज्यांच्या आजी-आजोबांनी हलगी वाजवली त्यांना सगळ्यात जास्त लागते. निर्णय घेताना एकच माप दोन्हींना लावा: शब्द काय सांगतात, शरीराकडे कसं बघायला लावतात, ऐकून माणूस कुठे जातो. काही लावण्या या मापात बसणार नाहीत. काही इंग्रजी गाणीही नाहीत बसणार.

आपल्या आधीच्यांनी हे काम केलेलं आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, १६१६ साली आलं, तेही ओवीत. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन टाकून दिलं नाही, ते ख्रिस्तासाठी वापरलं. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, तर नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरही बराच काळ आपलं सोवळं आणि वेगळं पाणी सांभाळून होत्या. त्यांचं मन त्यांच्या वेळेने वळलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरात एकाचा निर्णय झाला आणि दुसऱ्याचा व्हायचा आहे, तेव्हा हे उदाहरण उपयोगी पडतं: दुसऱ्याला ओढत नेऊ नका, त्याच्या भांड्याला हात लावू नका.

सिनेमा किंवा सिरीज एकत्र पाहायची असेल तर

भारतीय सिनेमाचा उगमच आपल्या जिल्ह्याशी आणि ख्रिस्ताशी जोडलेला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आपल्या देवांच्या कथाही अशाच पडद्यावर आणायचं ठरवलं, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. पडद्याला पाठ फिरवण्यापेक्षा पडदा नीट बघायला शिकणं बरं.

संघातल्या एकाने आधी पूर्ण पाहावं, शेवटपर्यंत. ट्रेलर आणि व्हॉट्सअॅपवरची चाळीस सेकंदांची क्लिप पुरत नाही. आगाऊ मतं बहुतेक क्लिपवरूनच बनतात. प्रमाणपत्र बघा: यूए आता ७+, १३+ आणि १६+ असं विभागलेलं आहे, आणि ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी. प्रमाणपत्र वय सांगतं, तुमच्या मनाला काय झेपेल ते सांगत नाही. म्हणून खटकणाऱ्या दृश्यांची मिनिटं लिहून ठेवा आणि पालकांना आदल्या आठवड्यात कळवा. जुनं व्यसन किंवा घरातली मारहाण सोसलेल्या कोणाला ते दृश्य जड जाणार असेल, तर त्याला एकट्याला गाठून आधी सांगा, आणि न येण्याची मोकळीक द्या.

ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरगुती वापरासाठी असतं. चर्चच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून सगळ्यांना दाखवणं त्यात बसत नाही. आपापल्या घरी पाहून या आणि नंतर जमा, किंवा सरळ थिएटरात तिकीट काढून जा.

चर्चेला पाऊण तास ठेवा, आठ ते बारा जण पुरेत. पहिली दहा मिनिटं फक्त "काय आवडलं आणि का" यावर द्या. हे टाळलं तर मुलं खरं बोलत नाहीत, पाळकांना आवडेल तेवढंच बोलतात. मग विचारा: या कथेत सुख कशाला म्हटलंय? चुकलेल्या माणसाचं शेवटी काय होतं? क्षमा आहे का, आणि तिची किंमत कोणी मोजली? शास्त्रवचन शेवटी उघडा. सुरुवातीलाच उघडलं की चर्चेचं प्रवचन होतं आणि मागच्या रांगेतली मुलं मोबाइल काढतात. चालवणाऱ्याने पहिल्या अर्ध्या तासात स्वतःचं मत सांगू नये, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं.

आपल्या श्रद्धेची थट्टा झाली तर

आधी एक फरक करा. कथेत एखाद्या पाळकाचा किंवा फादरचा गुन्हा दाखवला असेल, तर ती ख्रिस्ताची निंदा नाही. तसे गुन्हे घडले आहेत आणि पीडितांची बाजू मांडली जाणं योग्य आहे. तिथे संस्थेचा बचाव करायला धावू नका. ख्रिस्ताची किंवा प्रभुभोजनाची टिंगल असेल, खोटी माहिती असेल, तर बोला. पण एक रात्र जाऊ द्या, मूळ भाग पूर्ण पाहा, आणि "बंदी घाला" असे फॉरवर्ड पुढे पाठवू नका. त्यांनी त्या मालिकेची फुकट जाहिरातच होते.

ओटीटीवरच्या मजकुरासाठी २०२१ च्या नियमांनुसार ठरलेला मार्ग आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्मचा तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याचा पत्ता वेबसाइटवर दिलेला असतो. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. समाधान झालं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे (प्लॅटफॉर्मनीच मिळून स्थापलेल्या संस्थेकडे) अपील करता येतं. तक्रार फसते ती मोघम भाषेमुळे. "ख्रिस्ती समाजाच्या भावना दुखावल्या" एवढ्यावर कोणाला काही करता येत नाही. असं लिहा:

"आपल्या अमुक मालिकेच्या तिसऱ्या भागात १४ मिनिटे १० सेकंद ते १५ मिनिटे या दरम्यान प्रभुभोजनाचा विधी पैसे घेऊन विकला जातो असे दाखवले आहे. आमच्या मंडळीत आणि आम्हाला माहीत असलेल्या इतर मंडळ्यांत या विधीसाठी पैसे घेतले जात नाहीत. त्या दृश्यातील संवाद बदलावा, किंवा ते काल्पनिक असल्याची सूचना भागाच्या सुरुवातीला द्यावी, ही विनंती."

पाठवण्याआधी ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या मित्राकडून वाचून घ्या. त्याला मुद्दा कळला नाही, तर अधिकाऱ्यालाही कळणार नाही. पोचेबरोबर आलेला क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, अपिलाच्या वेळी ती लागतात.